साडेचौदा व्होल्ट

दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव होतं, पण ॲसिडचे शिंतोडे उडून उडून अक्षरं कधीच खाल्ली गेली होती, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. ट्रकवाले, टॅक्सीवाले, जनरेटर भाड्याने देणारे, सगळे त्याला साडेचौदा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई.

नाव पडायचं कारण सरळ होतं. बॅटरी कुठलीही आणा, हा चार्जरचं बटण फिरवून काटा साडेचौदा व्होल्टवर आणायचा आणि हात पुसत बाजूला व्हायचा. "आता हिची हिला भरू दे," एवढंच बोलायचा. कुणी विचारलं, की बाबा, जरा कमी लावून बघूया का, तर तो त्या माणसाकडे असा बघायचा की जणू त्याने चहात मीठ मागितलंय. बायकोचा भाऊ थट्टेने म्हणायचा, "साडेसाती निदान कधी ना कधी सुटते, आमचे हे साडेचौदा काही सुटत नाहीत."

आकडा त्याचा स्वतःचा नव्हता. ज्या गॅरेजात तो पोरसवदा असताना शिकला, तिथल्या वस्तादाने तो दिलेला. वस्ताद फार बोलणारा नव्हता. "बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा ढकलून ती भरत नसते," त्याने सांगितलं होतं. "नळाला पाणी यायचं तर टाकी वर लागते. साडेचौदा लाव, फसफसू दे, उडेल तेवढं पाणी वरून घाल." त्या काळच्या बॅटऱ्यांना हे लागू होतं. त्यांना वर सहा बुचं असत. बूच काढावं, आत डोकावावं, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर ओतावं. जास्त दिलं तरी बॅटरी रागावायची नाही, तिला फक्त तहान लागायची.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. मागच्या बाजूला पत्र्याखालचं अंगण. भिंतीला टेकून जाड फळ्या, फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग, आणि सगळीकडे घशाला खवखव आणणारा आंबट वास. त्याच्या पँटला गुडघ्यापाशी कायम भोकं. बायकोने ठिगळं लावायचं केव्हाच सोडून दिलं होतं. ती दुपारी दुकानात येऊन बसे, फोन घेई, कुणाची बॅटरी कुठली ते ध्यानात ठेवी. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम तिचं होतं, कारण ते त्याला जमत नसे.

त्याला एकच हौस होती. त्याने लाल रंगाचे स्टिकर छापून घेतले होते. त्यांवर दुकानाचा फोन नंबर आणि एक वीज चमकल्याची खूण. हाताखालून गेलेल्या प्रत्येक बॅटरीच्या अंगावर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे, तो एक स्टिकर चिकटवायचा आणि अंगठ्याने नीट दाबून बसवायचा. रस्त्यात एखाद्या ट्रकखाली तो लाल ठिपका दिसला की त्या दिवशी तो बायकोशी दोन वाक्यं जास्त बोले.

बायकोची थोरली बहीण त्याच गावात राहायची. घरात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून हाही ताईच म्हणे. लहानपणी आलेल्या तापात तिचे पाय गेले होते. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची. डोळ्याच्या नंबराप्रमाणे काच उतरवायची, फ्रेमच्या मापात कापायची. तिच्या हातचा चष्मा परत येत नाही, असं मालक स्वतः सांगे. ती एकटी राहायची, तळमजल्यावरच्या एका खोलीत, बेकरीला लागून. खोली आणि कामाची जागा यांच्यामध्ये मोठा चढ होता. हाताने चाकं फिरवायच्या खुर्चीवर तो चढ तिला जमत नसे, त्यामुळे रोज सकाळी बेकरीवाला पीठ माखलेल्या हातांनी तिला वर ढकलून द्यायचा. माणूस चांगला होता. पण रोज कुणाला तरी हाक मारायची, ही गोष्ट ताईला आतून खात असे. ती हे कधी बोलली नाही. फक्त बेकरीवाल्याच्या घरातल्या सगळ्यांचे चष्मे ती फुकट करून द्यायची.

मग तिने विजेवर चालणारी खुर्ची घेतली. वापरलेली होती, पण मोटर उत्तम. पहिल्या दिवशी ती चढ एकटी चढून गेली, वर जाऊन उलटी वळली, पुन्हा खाली आली आणि बेकरीच्या दारात थांबली. "आजपासून तुमची सुटका," ती म्हणाली.

"माझी कसली सुटका," बेकरीवाला म्हणाला. "आता पोट सुटेल माझं."

खुर्चीच्या बॅटऱ्या बघायचं काम अर्थातच साडेचौदाकडे आलं. घरातच बॅटरीवाला असताना बाहेर कोण जाणार? सीटखाली बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, पूर्ण बंद. बुचं नाहीत, पाणी घालायला जागा नाही, आत द्रवाऐवजी घट्टसर जेल. त्याने त्या हातात घेऊन उलट्यापालट्या केल्या. अशा बॅटऱ्या अधूनमधून दुकानात येत, पण तो त्यांना बॅटरी मानायला तयार नव्हता. जिच्यात डोकावता येत नाही ती कसली बॅटरी! खुर्चीबरोबर आलेला जुना चार्जर बिघडलेला होता, म्हणून त्याने स्वतः एक बांधून दिला. दणकट पेटी, वर दिवा, प्रत्येक बॅटरीला बरोबर साडेचौदा पोचतील असा. बॅटऱ्यांवर लाल स्टिकर लावले.

"कामावरून आलात की जोडायचा," त्याने ताईला सांगितलं. "सकाळी निघताना काढायचा. मध्ये बघायचं नाही."

"मध्ये बघायचं नाही, म्हणजे?"

"म्हणजे काही करावं लागत नाही."

ताईने तसंच केलं. रोज संध्याकाळी ती खुर्ची पलंगाशेजारच्या भिंतीला लावी आणि पेटी जोडी. त्या भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी होती. थंडीच्या दिवसांत ती भिंत ताईला फार प्रिय होती.

काही महिने खुर्ची मजेत पळाली. मग चढावर तिचा आवाज बदलू लागला. आधी ताई कामावरून परस्पर बाजारात जाऊन यायची, ते तिने सोडलं. मग घरी पोचता पोचता खुर्चीवरचा दिवा लाल होऊ लागला. त्याने येऊन मीटर लावला, चार्जर तपासला, काटा बरोबर साडेचौदावर. "चढ आहे," तो म्हणाला. "चढाला बॅटरी तरी काय करणार?" नव्या दोन आणून बसवल्या. त्यांवरही स्टिकर लावले. पुढच्या उन्हाळ्यात त्याही बसल्या. या वेळी मात्र त्या भर चौकात बसल्या.

दुपारची वेळ होती. ताई चष्म्याच्या दोन तयार फ्रेमा एका डॉक्टरांकडे पोचवायला निघाली होती. रस्ता ओलांडताना मध्यावर खुर्ची थांबली. दिवा लाल झाला आणि विझला. सिग्नल सुटला. मागून बस आली, बसच्या मागे सगळी दुनिया, आणि सगळ्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. ताईने ब्रेक सोडून चाकं हाताने फिरवून पाहिली, पण ती खुर्ची हाताने चालवायची नव्हतीच. जड, मख्ख लोखंड. ती फ्रेमांची पिशवी मांडीवर धरून बसून राहिली. शेवटी एक ट्रकवाला खाली उतरला. दुसरा कुणी मदतीला आला. दोघांनी ढकलत तिला फुटपाथपाशी नेलं. वाकलेला असताना ट्रकवाल्याला सीटखालचा लाल ठिपका दिसला.

"अरेच्चा," तो हसत म्हणाला, "या साडेचौदाच्या बॅटऱ्या वाटतं!"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. ताईही हसली.

तिने त्याला फोन केला नाही. बेकरीवाल्याला केला. तो पुन्हा पिठाच्या हातांनी आला.

साडेचौदाला हे त्या ट्रकवाल्याकडूनच कळलं, दुसऱ्या दिवशी, दुकानात, चार माणसांसमोर. त्याने हातातलं काम पुरं केलं, हात धुतले आणि ताईच्या खोलीवर गेला. ती सुट्टी घेऊन घरी होती. जुन्या हातखुर्चीवर बसली होती, जी तिने टाकून दिली नव्हती.

"बॅटऱ्या बनवणारेच हल्ली चोर झालेत," तो आत येत म्हणाला. "दुसऱ्या कंपनीच्या आणतो."

"नको," ताई म्हणाली.

"नको म्हणजे?"

"बसा, जावईबुवा. एक विचारते. माझ्याकडे गिऱ्हाईक आलं, आणि मी त्याला सांगितलं, की माझ्या गुरूने मला दोनचाच नंबर शिकवलाय, मी सगळ्यांना दोनचीच काच लावते, तर तो काय करेल?"

"डोळ्यांचं वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

त्याला सांगता आलं नाही, म्हणून त्याचा आवाज चढला. इतकी वर्षं हेच करतोय, गावातल्या निम्म्या गाड्या माझ्या जिवावर सुरू होतात, त्यातल्या एकानेही कधी तक्रार केली नाही, वगैरे. त्याचं बोलून संपल्यावर ती म्हणाली, "गाड्या रस्त्यात बंद पडल्या तर चालवणारे उतरून चालू लागतात. मला उतरता येत नाही, एवढंच."

ती रागाने बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तो सीटखालच्या दोन्ही बॅटऱ्या काढून, काखेत एकेक मारून, निमूट बाहेर पडला. त्या जड होत्याच. शिवाय त्यांची पोटं फुगली होती, आणि काखेत त्या धड बसतही नव्हत्या.

दुकानात येऊन त्याने एक बॅटरी शिकंज्यात आवळली आणि करवतीने वरचं झाकण कापलं. बंद बॅटरी उघडायची त्याची ही पहिलीच वेळ. आत जे असायला हवं होतं ते चिकट, ओलसर जेल. प्रत्यक्षात दिसलं ते उन्हात तडकलेल्या चिखलासारखं. भेगाच भेगा. बोट लावलं तर बोट कोरडं निघालं. साडेचौदाने त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं. पाणी उडालं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पाणी उडताना तो आयुष्यभर बघत आला होता. फक्त इथे वरून घालायला बूच नव्हतं.

बायको टेबलाशी बसली होती. ती उठून आली. तिने दुसरी बॅटरी हातात घेऊन फिरवली. "हे बाजूला काय छापलंय?" ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या स्टिकरच्या खाली. कोपरा दिसतोय."

स्टिकर त्याने अंगठ्याने दाबून बसवलेला, सहजी निघेना. तिने नखाने, मग पाण्याने भिजवून, मग चमच्याने खरवडून काढला. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. बायकोने त्या उजेडाकडे धरून वाचल्या आणि आपल्या भाषेत सांगितल्या: रोज वापरून रोज भरायची असेल तर चौदा पूर्णांक एक ते चौदा पूर्णांक चार. नुसती जोडून ठेवायची असेल तर साडेतेरा ते तेरा पूर्णांक आठ. आणि हे सगळं खोली पंचवीस अंशांवर असेल तर.

"एवढाच फरक?" तो म्हणाला. "एवढ्याशाने बॅटरी मरते?"

"भाजीत मीठ किती जास्त पडलं की ताट सरकवता तुम्ही?"

मग तो स्वतःच हळूहळू जोडत गेला. आकडा थोडासाच वर होता, हे खरं. पण त्याची पेटी भरल्यावरही खाली उतरत नव्हती. बॅटरी भरून झाली तरी ती तेवढाच जोर लावून बसायची, ताई झोपेतून उठेपर्यंत. त्यात ती भट्टीची भिंत. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्ट पुरतात, नव्हे, कमीच द्यावे लागतात, नाहीतर ती आतल्या आत उकळत राहते. हे त्याने स्वतः पाहिलं होतं. उन्हाळ्यात ट्रकच्या बॅटऱ्या जास्त पाणी पितात, हे तो सगळ्यांना सांगत असे. ते या खोक्यांनाही लागू असेल, असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

"आणि वर मीच झाकून ठेवलं," तो शेवटी म्हणाला.

बायको चमचा धुवायला घेऊन गेली.

इथे त्याने शहाणा होऊन सगळं सुधारलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण धसका घेतलेला माणूस आधी दुसऱ्या टोकाला जातो. तो दुकानातला एकही चार्जर सव्वातेराच्या वर जाऊ देईना. ट्रकची असो, टॅक्सीची असो, बुचाची असो, बंद असो. बॅटऱ्या दिवसेंदिवस फळ्यांवर पडून राहू लागल्या आणि तरी पुऱ्या भरेनात. गिऱ्हाइकं ताटकळू लागली. थंडी पडल्यावर तर कहर झाला. सकाळच्या गारठ्यात गाड्या सुरू होईनात. एक टॅक्सीवाला बॅटरी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काय झालंय तुला? तब्येत बरी नाही का?"

त्याने ती बॅटरी घेतली, बुचं काढली, बॅटरी जरा कलती करून आत बघितलं. प्लेटांवर पांढरट थर धरला होता. अर्धवट भरून सोडलेल्या बॅटरीला धरतो तसा, कडक. एकदा मुरला की निघत नाही. वस्ताद अशा बॅटऱ्यांना उपाशी म्हणायचा. म्हणजे त्याने जेलच्या बॅटऱ्या उकळून मारल्या होत्या आणि आता बुचाच्या उपाशी ठेवून मारत होता.

त्या दिवशी त्याने दुकान दुपारीच बंद केलं. फळ्यांवरच्या बॅटऱ्यांची बुचं एकेक करून काढून बघत राहिला. बायको थोड्या वेळाने म्हणाली, "एक आकडा सोडलात आणि दुसरा धरलात. कुठलाच आकडा न धरता नाही का राहता येणार?"

"मग धंदा कसा करायचा?"

"ताई करतेच की. आलेल्या माणसाला आधी खुर्चीत बसवते, डोळे तपासलेला कागद मागते. मग काचेला हात लावते."

पुढचा काळ त्याला कठीण गेला, कारण त्याला विचारायची सवय नव्हती. तरी तो विचारू लागला. बॅटरी आली की आधी अंगावर काय छापलंय ते वाचायचं. वाचता आलं नाही तर बायकोला हाक मारायची. ती रोज वापरून भरायची की नुसती जोडून ठेवायची, कुठे ठेवलेली असते, उन्हात की सावलीत, हे गिऱ्हाइकाला विचारायचं. भिंतीवर एक थर्मामीटर टांगला. बुचाच्या बॅटऱ्यांना पुन्हा साडेचौदा मिळू लागले, भरत आल्या की कमी. जेलच्या बॅटऱ्यांना त्यांच्या अंगावर छापलेलं. भरल्यावर आपोआप खाली उतरणारा चार्जर त्याने बाजारातून विकत आणला, स्वतः बांधायचा हट्ट धरला नाही. स्टिकर लावणं त्याने सोडलं नाही, पण आता तो आधी बॅटरी चारही बाजूंनी फिरवून बघे.

एकदा सामान पोचवणारी एक बाई तिच्या सायकलची लिथियमची बॅटरी घेऊन आली. "नेहमीच्यासारखी भरून द्या," ती म्हणाली. त्याने ती पेटी हातातसुद्धा घेतली नाही. "ही मला समजत नाही," तो म्हणाला. "हिला जास्त व्होल्ट दिले तर ही नुसती मरत नाही, पेट घेते. हिच्या स्वतःच्या चार्जरशिवाय हिला हात लावू नका. पलीकडच्या गल्लीत एकजण आहे, त्याला दाखवा." बाई निघून गेल्यावर बायकोने त्याच्याकडे बघितलं. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवताना तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

ताईने मात्र या सगळ्याची वाट बघितली नव्हती. तिने खुर्चीच्या कंपनीकडून नव्या बॅटऱ्या आणि त्यांचाच चार्जर मागवला होता. त्याला विचारलं नव्हतं. खुर्ची भट्टीच्या भिंतीपासून हलवून खिडकीखाली लावली, तेवढं मात्र बहिणीने सांगितलेलं ऐकलं. त्याने बांधलेली पेटी तिने बहिणीबरोबर परत पाठवली. त्याला ते लागलं. त्याने ती पेटी मागच्या अंगणात ठेवून दिली आणि पुष्कळ दिवस ताईकडे गेला नाही.

मग एकदा ताईच दुकानात आली, खुर्चीवर, एकटी. नवा चार्जर मांडीवर होता.

"हा मोजून द्या," ती म्हणाली.

"कंपनीचा आहे. बरोबरच असणार."

"बरोबरच असणार, असं मी एकदा धरून चालले होते."

त्याने मीटर घेतला. चार्जर जोडला, बॅटऱ्या भरत येईपर्यंत थांबला, आकडे पुन्हा पुन्हा बघितले. भरताना चौदा पूर्णांक एकच्या आसपास, भरल्यावर साडेतेरापर्यंत खाली. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे एकदा नजर टाकली. "ठीक आहे," तो म्हणाला. "माझ्या पेटीपेक्षा चांगला आहे."

"ते मी नाही विचारलं."

"मी सांगतोय," तो म्हणाला.

ताईने चार्जर पिशवीत ठेवला. जाताना दारात थांबली. "तलावाच्या बांधापर्यंत जायचंय मला एकदा," ती म्हणाली. "लांब आहे. शेवटचा रस्ता सगळा चढाचा. कुणी बरोबर असेल तर बरं."

रविवारी ते निघाले. तो खुर्चीच्या शेजारी चालत होता, खांद्यावरच्या पिशवीत मीटर आणि पाना, उगीचच. ताई एका लयीत चालवत होती. वळणावर हळू, सपाटीवर जरा जोरात. तो कान देऊन मोटरचा आवाज ऐकत होता. चढ सुरू झाल्यावर आवाज जड झाला, पण बदलला नाही. दिवा हिरवा होता. थोड्या वेळाने त्यालाच दम लागला. तो कमरेवर हात ठेवून थांबला. ताईही थांबली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी पुढे होते."

"बंद पडली तर?"

"तर हाक मारेन."

तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. खुर्ची वर वर गेली, बांधाच्या कडेला पोचली, आणि तलावाच्या बाजूला वळली. ताईच्या पाठीमागे नुसतं आभाळ होतं. ती बराच वेळ तिथे थांबून होती. तिने हाक मारली नाही, आणि त्याने पिशवी उघडली नाही.